बिनखिशाचे कोट

आमच्या दुकानात खिसा मिळत नाही. कोट मिळतो, आणि असा मिळतो की अंगात घातल्यावर माणूस आरशासमोरून हलत नाही. खांदा जागच्या जागी बसतो, कॉलर मान सोडत नाही, पाठीवर एक सुरकुती दाखवा आणि शिलाई परत घेऊन जा. पण खिसा नाही. बाहेर नाही, आत नाही, रुमालापुरतासुद्धा नाही. नवं गिऱ्हाईक सवयीने दोन्ही हात खाली नेतं, हात कापडावरून घसरतात, आणि मग ते माझ्याकडे असं बघतं की मीच त्याचा खिसा कापला. मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवते. ‘येथे खिसे शिवले जात नाहीत. कारण विचारू नये.’ पाटी माझ्या आत्याच्या हातची आहे.

समोरच्या शिंप्याचं घर आमच्या या हट्टावर चालतं. आमचा कोट घेऊन गिऱ्हाईक रस्ता ओलांडतं आणि त्याच्याकडून खिसे लावून घेतं. त्याचे खिसे वाकडे असतात. आमच्या कोटावर त्याचा खिसा लटकलेला रस्त्यात दिसला की मी फुटपाथ बदलते.

घरात आम्ही तिघं, मी, बाबा आणि आत्या, आणि तिघंही बिनखिशाची. किल्ल्या गळ्यात, रुमाल बाहीत, बसचं तिकीट बुटात. बाबांचा चष्मा दोरीला बांधून छातीवर लोंबतो. शाळेत मला मुलं ‘बिनखिशी’ म्हणायची आणि मी म्हणणाऱ्याला धरून बदडायची. हात कायम मोकळे असायचे, त्यामुळे त्यात कधी अडचण आली नाही.

आजोबांच्या वेळी असं नव्हतं. आजोबांचे खिसे नावाजलेले होते. नव्या कोटाचे खिसे शिंपी कच्च्या दोऱ्याने बंद करून ठेवतो, म्हणजे शिवताना आणि इस्त्री करताना ते तोंड वासत नाहीत. कोट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आजोबा आरशासमोर उभं करायचे, छोट्या कात्रीने तो दोरा स्वतः कापायचे आणि म्हणायचे, “भरलेला राहो.” लोक म्हणे तेवढं ऐकायला कोट शिवायचे.

मग पन्नास वर्षांपूर्वी एक तरुण कोट शिवायला टाकून गेला. आतला खिसा त्याने खोल आणि दणकट मागितला. चष्म्याचं घर ठेवायचंय, म्हणाला. तो खिसा आत्याने शिवला. तेवीस वर्षांची होती ती, लग्न ठरलेलं होतं, आणि दुकानातले सगळे आतले खिसे तिच्याकडे असायचे. तिने दुहेरी अस्तर घातलं, तळाला दोनदा टीप मारली. कोट नेल्यावर नवव्या दिवशी, नव्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, त्या माणसाने देशाच्या अध्यक्षांना दोन गोळ्या घातल्या. अध्यक्ष गेले. रक्षकांनी त्यालाही तिथेच पाडला. मेलेल्या माणसाला काही विचारता येत नाही, म्हणून त्यांनी कोटाला विचारलं. कोटाच्या आत आमच्या दुकानाचं नाव होतं.

पिस्तूल आतल्या खिशातून निघालं, असं सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. आजोबांना घेऊन गेले ते अकरा महिने. रोज एकच प्रश्न, खिसा एवढा खोल का शिवलास? खिसा मुलीने शिवला, हे आजोबांनी एकदाही सांगितलं नाही. परत आले तेव्हा उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. सुईत दोरा ओवायचा तर माझ्या बाबांना हाक मारायचे, आणि बाबा तेव्हा अकरा वर्षांचे. दीड वर्षात आजोबा गेले. आत्याचं लग्न त्याआधीच मोडलं होतं. त्या मारेकऱ्याची त्या दिवशी सकाळी दाढी करणारा न्हावी रातोरात शहर सोडून गेला, तो कुठे मेला कोणाला माहीत नाही. मारेकऱ्याला खोली भाड्याने दिलेल्या बाईच्या खिडक्या लोकांनी तीनदा फोडल्या, चौथ्यांदा तिने काचा बसवल्याच नाहीत आणि त्या हिवाळ्यात ती न्यूमोनियाने गेली. इतिहासाच्या पुस्तकात यांतलं कोणी नाही. तिथे अध्यक्ष आहेत, आणि तो आहे.

आजोबांना पुरून आल्यावर आत्याने पाटी रंगवली.

आणि अशा घरातली मी प्रेमात पडले ती घड्याळजीच्या. ज्याच्या अंगावर मोजून सात खिसे. एकात भिंग, एकात चिमटे, एकात स्क्रू, बाकीच्यांत काय आहे ते त्यालाही सांगता येत नाही. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी त्याला म्हटलं, तुमच्या कोटाचं पार पोतं झालंय. तो म्हणाला, तुमच्या कोटाला हात ठेवायला जागा नाही, तुम्ही चालताना बंदोबस्तावरच्या शिपायासारख्या दिसता. एवढ्यावर लग्न ठरलं.

लग्नाचा कोट तो आमच्याकडूनच शिवून घेणार होता. सगळं मान्य, फक्त एक खिसा हवा, डाव्या बाजूला, छोटासा. “वडिलांचं घड्याळ ठेवायचंय,” तो मला म्हणाला. “ते नाहीत, निदान त्यांचं घड्याळ तरी लग्नाला हजर राहू दे.”

मी आत्याशी बोलले. आई गेल्यावर मला आत्यानेच वाढवलं, तिच्याशी कसं बोलायचं ते मला चांगलं कळतं. आधी चहा करून दिला.

“त्याला हवा तसा कोट शिव,” आत्या म्हणाली. “खिसा समोरच्याकडून लावून घेऊ दे. मी लग्नाला येणार नाही, एवढंच.”

“आत्या, घड्याळ आहे ते. पिस्तूल नाही.”

“तेही चष्म्याचं घरच होतं.”

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि काज करायला घेतलं. घरात वाद झाला की बाबा काज करतात. त्या आठवड्यात इतकी काजं झाली की बटणं संपली.

घड्याळजी बिचारा म्हणाला, राहू दे, घड्याळ हातात धरून उभा राहीन. मला ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि रडूही आलं, रागही आला. माझ्या लग्नात आत्या नसेल तर ते लग्न कसलं, आणि त्याचं एवढंसं मागणं मला पुरवता येत नसेल तर मी शिंपीण कसली? लग्नाला तीन आठवडे उरले होते.

त्याच आठवड्यात संग्रहालयातली बाई आली. बुटकी, नीटनेटकी, हातात पांढरे मोजे, आणि काखेत लहान मुलाला धरावं तशी एक लांब चपटी पेटी. अध्यक्षांच्या खुनाला पन्नास वर्षं होताहेत म्हणून प्रदर्शन भरवणार होते. काचेच्या कपाटात तो कोट ठेवायचा, पण अस्तराला कसर लागली होती.

“आमचा नियम आहे,” ती म्हणाली, “शक्य असेल तर ज्या दुकानात वस्तू बनली तिथेच दुरुस्त करायची.”

“नियम चांगला आहे,” मी म्हटलं. “दार तिकडे आहे.”

पण बाबा उठले होते. बाबांना मी दुकानात कोणासमोर कधी उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “अण्णांनी कापलेला शेवटचा कोट आहे हा. कसरीला कशाला खाऊ द्यायचा?” माझे आजोबा म्हणजे त्यांचे अण्णा. आत्याने ते ऐकलं, हातातली कात्री खाली ठेवली आणि जिना चढून वर निघून गेली.

कोट दुकानात एकटा सोडायचा नाही, हाही एक नियम निघाला. त्यामुळे बाई रोज दहाला यायची, स्टुलावर बसायची, आपला डबा खायची आणि पाचला कोट घेऊन जायची. काम बाबांनी घेतलं. आता बाबा काजांत देवमाणूस, पण अस्तर ही त्यांची गोष्ट नव्हे. अस्तर नेहमी आत्याचं. दोन दिवस त्यांनी त्या रेशमी अस्तराशी झोंबाझोंबी केली. आत्या वरच. जेवणही वरच. जिन्यातून फक्त तिच्या चपलांचा आवाज यायचा, तीन पायऱ्या खाली, तीन पायऱ्या वर.

तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज पाच पायऱ्या खाली आला. मग सात. तिथून टेबल दिसतं.

“हा टाका कोणी घातला?” आत्या म्हणाली.

बाबांनी बोटाने टाका झाकला.

“धाकट्या, तुला विचारतेय. पोतं शिवतोयस की अस्तर? सगळं ओढलं गेलंय तिकडून. सरक.”

पन्नास वर्षं जे दुःखाला जमलं नाही, रागाला जमलं नाही, माझ्या चहाला तर नाहीच नाही, ते बाबांच्या वाकड्या टाक्याला जमलं. आत्या खाली आली, बाबांना ढकलून खुर्चीत बसली, त्यांच्याच छातीवरचा चष्मा दोरीसकट ओढून स्वतःच्या डोळ्यांवर घेतला, त्यामुळे बाबांना तिच्या शेजारी वाकून उभं राहावं लागलं, आणि तिने टाके उसवायला सुरुवात केली. कोट कोणाचा आहे याकडे ती बघतच नव्हती. ती काम बघत होती. काखेकडून खाली, शिवणीच्या कडेकडेने, बोटाने चाचपत, पुटपुटत. “इथे ठीक आहे. इथे ठीक आहे. इथे कसर. इथे आमचा गाढव.”

मग तिचा हात छातीपाशी आला आणि थांबला.

मी पुढे होऊन बघितलं. आतल्या खिशाच्या तोंडावर पिवळ्या दोऱ्याच्या फुल्या होत्या, एका ओळीत, एकमेकींना खेटून. आत्या डावखुरी आहे. तिची फुली उलटी पडते, वरचा टाका डावीकडे झुकतो. घरात दुसऱ्या कोणाला तशी घालता येत नाही, मी लहानपणी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

“मोज,” ती मला म्हणाली.

मी मोजल्या. “चौदा.”

“चौदाच घातल्या होत्या.” तिने नख शेवटच्या गाठीखाली सरकवून बघितलं. “पिवळा दोरा कोणी वापरत नसे, म्हणून मी कच्च्या टाक्यांना घ्यायचे. गाठ माझीच आहे.” मग ती संग्रहालयातल्या बाईकडे वळली. “हा तुम्ही शिवलात?”

बाई घाबरून उठली. “छे, आम्ही दोऱ्याला हात लावत नाही. नियम आहे. तो कोट आमच्याकडे आला तेव्हापासून असाच आहे.” तिने पिशवीतून कागद काढले. जप्तीच्या दिवशी पोलिसांनी केलेली यादी, हाताने लिहिलेली. कोट एक, गडद राखाडी. बटणं तीन, एक तुटलेलं. बाहेरचे खिसे दोन, रिकामे. आतला खिसा एक, शिवून बंद.

“शिवून बंद,” मी वाचलं. पुन्हा वाचलं. “मग पिस्तूल?”

“साक्षीदारांत एक फुलं विकणारी बाई होती,” ती चाचरत म्हणाली. “तिने सांगितलं होतं की त्याच्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं आणि पिस्तूल त्यातून निघालं. तिचं कोणीतरी लिहून घेतलं, पण पुढे काही... आम्हाला वाटलं, खिसा असाच असतो. फॅशन असेल.”

मला तेव्हा जो राग आला तो मी अजून गिळलेला नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्या कागदावर होतं. शिवून बंद असलेल्या खिशातून पिस्तूल निघत नाही, हे कळायला शिंपी असावं लागत नाही. अकरा महिने माझ्या आजोबांना त्यांनी खिसा खोल का असं विचारलं, आणि खिसा उघडलाच नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मला एक आवाज ऐकू आला आणि मला वाटलं आत्या रडतेय.

आत्या हसत होती. आधी खांद्यांतून, मग आवाज फुटून. बाबा तिच्या डोळ्यांवरच्या चष्म्याला बांधलेले, त्यामुळे तिच्याबरोबर तेही हलत होते.

“बोलणी खाल्ली होती मी,” ती म्हणाली. “या दोऱ्यावरून. तो कोट न्यायला आला तेव्हा अण्णा कापड आणायला गेले होते. त्याला घाई, ट्रायलही नको म्हणाला, मी कागदात गुंडाळून दिला. अण्णा आले आणि पहिला प्रश्न, दोरा कापलास? म्हटलं, राहिला. काय चिडले, काय चिडले. बंद खिशाचा कोट माझ्या दुकानातून बाहेर गेला, म्हणाले, लोक काय म्हणतील? दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.” तिने डोळे पुसले. “मला वाटलं, त्याने घरी जाऊन कापला असेल. कोणीही कापतं. त्याने खिसा बघितलाच नाही. एवढा चांगला खिसा शिवला होता मी.”

मग ती खरोखरच रडली. “अण्णांना कळायला हवं होतं रे,” ती बाबांना म्हणाली. “जायच्या आधी त्यांना एवढं कळायला हवं होतं.” बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तीही त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी असून तशीच बसून राहिली. संग्रहालयातली बाई पांढऱ्या मोज्यांनी नाक पुसत होती, आणि ते नक्कीच नियमात नसणार.

त्या बाईला मी नंतर माफ केलं. कपाटाखाली लावायची चिठ्ठी छापून तयार होती, ‘याच कोटाच्या आतल्या खिशात पिस्तूल लपवले होते.’ तिने ती आमच्यासमोर फाडली आणि आत्याला विचारलं, काय लिहू? आत्याने विचार करून सांगितलं. आता तिथे जाल तर कोट उघडा करून ठेवलेला दिसेल, पिवळ्या फुल्या वर, आणि खाली आजोबांचं नाव, त्याखाली न्हाव्याचं, त्याखाली खोली देणाऱ्या बाईचं. मग लिहिलं आहे, ‘आतला खिसा. कधीही उघडला गेला नाही.’

फुल्या सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने स्टुलावर चढून पाटी काढली. बाराच्या सुमाराला समोरचा शिंपी रस्ता ओलांडून आला, चेहरा पार उतरलेला.

“ताई, ऐकलं ते खरं का?”

“खरं.”

“माझ्या पोटावर पाय दिलात.”

“तुझे खिसे वाकडे असतात,” आत्या म्हणाली. “पन्नास वर्षं खिडकीतून बघतेय, जीव नुसता वर-खाली व्हायचा. उद्यापासून दुपारी येऊन बस, शिकवते. मग मिळून शिवू.”

त्यानंतर आत्याला आवरणं कठीण झालं. तिने बाबांच्या प्रत्येक कोटाला चार-चार खिसे लावले, आणि बाबांचा चष्मा आयुष्यात पहिल्यांदा हरवला. मला लग्नाच्या पोशाखाला खिसा हवा का, असं तिने मला विचारलंही नाही. ट्रायलच्या वेळी हात खाली गेला आणि सरळ आत शिरला. मी तशीच उभी राहिले. हात कुठे ठेवू हा प्रश्न मला एकतीस वर्षं पडलेला होता, हे मला तेव्हा कळलं.

घड्याळजीचा खिसा तिने स्वतः शिवला, डाव्या बाजूला, छोटासा, पिवळ्या फुल्यांनी बंद केलेला. लग्नाच्या सकाळी त्याला दुकानातल्या आरशासमोर उभं केलं, आजोबांची छोटी कात्री घेतली आणि दोरा कापला. “भरलेला” इथपर्यंत ती व्यवस्थित म्हणाली. “राहो” बाबांनी म्हटलं. त्याने वडिलांचं घड्याळ आत सरकवलं आणि वर तळवा ठेवला.

“चला, उशीर होतोय,” आत्या म्हणाली आणि अंगात आपला नवा राखाडी कोट चढवला. त्यालाही दोन खिसे होते, खोल, दणकट, दुहेरी अस्तराचे, दोन्हींवर फुल्या.

“थांब,” मी म्हटलं. “बंद खिशाचा कोट आमच्या दुकानातून बाहेर जात नाही. लोक काय म्हणतील?”

मी तिला आरशासमोर उभं केलं. त्र्याहत्तर वर्षांची आत्या लहान मुलीसारखी सरळ उभी राहिली. दोन्ही दोरे मी कापले आणि आजोबांचे शब्द पुरते म्हटले. तिने आधी डावा हात घातला, जरा थांबली, मग उजवा.

लग्नात फोटोवाला रडकुंडीला आला. आजी, हात बाहेर घ्या, आजी, मुलीच्या खांद्यावर हात ठेवा, आजी, निदान एक तरी. आत्याने त्याचं काही ऐकलं नाही. ती जेवणाच्या टेबलांमधून फिरली, नाचणाऱ्यांच्या मधोमध उभी राहिली, समोरच्या शिंप्याच्या बायकोशी तासभर गप्पा मारल्या. लग्नाचे एकशे बारा फोटो आहेत आणि एकाही फोटोत तिचे हात दिसत नाहीत.